हौशी खाणकाम आणि स्वस्ताईचा हिशेब

मराठी सांस्कृतिक व्यवहारात ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ ही जोडी जितकी सहजपणे वापरली जाते, तितकी ती क्वचितच तपासली जाते. हौशी नाट्यसंस्था म्हटले की शाळेचे सभागृह, कोणाच्या तरी घरून उचलून आणलेले टेबल, भाड्याचे पडदे आणि नोकरी सांभाळून केलेल्या तालमी डोळ्यांसमोर येतात. या रंगभूमीची प्रतिष्ठा तिच्या तुटपुंज्या साधनांमुळे कधी उणावली नाही. साधनांची मर्यादा ओळखून काम करणे हेच तिचे शहाणपण राहिले. व्यावसायिक कंपनीने मोडीत काढलेला फिरता रंगमंच ‘स्वस्तात मिळतो आहे’ म्हणून कोणतीही हौशी संस्था विकत घेत नाही. अलीकडे रुजलेल्या एका हौसेच्या बाबतीत मात्र हे साधे शहाणपण विसरले जाते असे आम्हांस दिसते. ती हौस म्हणजे घरच्या घरी कूटचलनाचे, अर्थात क्रिप्टोकरन्सीचे, ‘खाणकाम’ करण्याची.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हे विद्यार्थी आणि त्यांचे तरुण अध्यापक याच काळात राहतात. त्यांच्या खोलीत संगणक असतो, शिष्यवृत्तीतून किंवा तासिका तत्त्वावरील मानधनातून मागे टाकलेले चार पैसे असतात, आणि ‘नवशिक्याने कोणते स्वस्त यंत्र घ्यावे?’ हा प्रश्न तेही विचारतात. त्याला मिळणारे उत्तर बहुधा यंत्राच्या किमतीपुरते असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हौशी माणसासाठी यंत्राची स्वस्ताई किमतीवरून ठरत नाही. ते दरमहा किती वीज खाते आणि खाणकाम सोडल्यावर ते कशाच्या उपयोगी पडते, या दोन गोष्टींवरून ती ठरते. या कसोटीवर व्यावसायिकाने टाकून दिलेले यंत्र हे बाजारातील सर्वांत महाग यंत्र ठरते.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण घोटाळ्याची सुरुवात तिथेच आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या मूळ निबंधात नव्या नाण्यांच्या निर्मितीची तुलना सोन्याच्या खाणीत राबणाऱ्यांच्या श्रमाशी केली होती. तेथून ‘मायनिंग’ हे रूपक रूढ झाले आणि आपण ते ‘खाणकाम’ म्हणून स्वीकारले. प्रत्यक्षात यंत्र काय करते? अलीकडच्या व्यवहारांची नोंद असलेल्या ब्लॉकचे ऐंशी बाइटांचे शीर्षक घेऊन ते त्यातील एक आकडा सतत बदलते, प्रत्येक वेळी एसएचए-२५६ या गणिती प्रक्रियेतून दोनदा नेते आणि येणारे उत्तर ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आहे का ते पाहते. नसेल तर पुन्हा नवा आकडा. या प्रत्येक प्रयत्नाला हॅश म्हणतात. मागच्या प्रयत्नातून पुढच्या प्रयत्नासाठी काहीही शिकता येत नाही. हे खणणे नव्हे. ही सोडत आहे, आणि यंत्र म्हणजे सेकंदाला अब्जावधी तिकिटे फाडणारा हात आहे.

रूपक आणखी एका ठिकाणी फसवते. खऱ्या खाणीत मजूर वाढले की धातूही अधिक निघतो. इथे तसे होत नाही. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, काठिण्यपातळी पुन्हा ठरवली जाते. जगातील यंत्रे वाढली तर कोडे तितकेच अवघड होते, आणि ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी एकच निघतो. एका ब्लॉकमागे मिळणारी नवी नाणी २००९ मध्ये ५० होती. ती टप्प्याटप्प्याने निम्मी होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ झाली आहेत. तेव्हा आपण अधिक ताकदीचे यंत्र लावतो तेव्हा एकूण धन वाढत नाही. फक्त त्याच धनातला आपला वाटा इतरांच्या तुलनेत मोजला जातो. ज्याने ‘खाण’ हा शब्द शब्दशः घेतला त्याला वाटते, थोडे खणले तर थोडे मिळेल. ज्याने ‘सोडत’ हा शब्द घेतला तो आधी विचारतो, एकूण तिकिटे किती?

या तिकिटांचा इतिहास हौशी माणसाच्या हद्दपारीचा इतिहास आहे. मूळ निबंधाची कल्पना अशी होती की प्रत्येक संगणकाच्या प्रोसेसरला एक मत असावे. आरंभी खरोखरच घरगुती संगणकावर हे काम चाले. २०१० च्या सुमारास ते ग्राफिक्स कार्डांवर गेले आणि २०१३ मध्ये एसिक बाजारात आले. एसिक म्हणजे एकच काम करण्यासाठी घडवलेली चिप. ती बिटकॉइनचे हॅश काढते. तिच्यावर पत्र लिहिता येत नाही, चित्र पाहता येत नाही, दुसरे गणितही करता येत नाही. तिथून पुढे हा व्यवसाय स्वस्त विजेच्या शोधात गोदामांमध्ये गेला. २०२५ मध्ये साऱ्या जगातील बिटकॉइन-यंत्रांची एकत्रित गती सेकंदाला एक झेटाहॅशच्या, म्हणजे एकावर एकवीस शून्ये इतक्या प्रयत्नांच्या, घरात पोहोचली. घरातले कोणतेही यंत्र आता या संख्येच्या शेजारी उभे करून पाहावे लागते.

आता जुन्या बाजारातील लोकप्रिय ‘स्वस्त’ यंत्र घेऊ. २०१६ मध्ये आलेले अँटमायनर एस-९ हे यंत्र आपल्या काळी व्यवसायाचा कणा होते. त्याची गती सेकंदाला सुमारे १४ टेराहॅश आणि भूक सुमारे १,३५० वॅटची. नव्या यंत्रांपुढे ते निकामी ठरल्यामुळे मूळ किमतीच्या किरकोळ अंशात मिळते, आणि नवशिक्याला हीच संधी वाटते. हिशेब करू. अहोरात्र चालवल्यास ते तीस दिवसांत ९७२ युनिट वीज घेते. सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर बिल ९,७२० रुपये. जगाची गती एक झेटाहॅश धरली तर महिन्याला निघणाऱ्या १३,५०० बिटकॉइनपैकी या यंत्राचा सरासरी वाटा ०.०००१८९ बिटकॉइन. २०२५ च्या ऑक्टोबरातील उच्चांकाच्या वेळी एका बिटकॉइनची किंमत एक कोटी दहा लाख रुपयांच्या आसपास गेली होती. तो भाव धरला तरी हे साधारण २,१०० रुपये होतात. पावणेदहा हजारांची वीज जाळून एकवीसशे रुपये! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जणू याच यंत्रासाठी घडली असावी.

शिवाय दहा रुपयांचा दर आम्ही उदारपणे धरला आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर दर चढतो. ज्या घराचा वापर महिन्याला २०० युनिट आहे, तिथे हे यंत्र आल्यावर वापर ११७२ होईल. यंत्राच्या ९७२ युनिटांपैकी ६७२ युनिट थेट सर्वांत वरच्या टप्प्यात पडतील. त्यात आवाजाची भर घाला. यंत्राचे पंखे बंद खोलीत मिक्सर चालू ठेवल्यासारखे घोंगावतात, आणि ओढलेली सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीत उतरते. थंड प्रदेशातील हौशी लोक या उष्णतेने घर ऊबदार ठेवतात. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात त्या युक्तिवादाचे काय होईल, हे सांगावयास नको.

कायद्याची बाजूही हौशी माणसाला अनुकूल नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. संपादनाचा खर्च सोडून कोणतीही वजावट मिळत नाही, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. मार्च २०२२ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात हेही स्पष्ट केले की खाणकामाच्या यंत्रणेवर केलेला खर्च संपादनखर्च मानला जाणार नाही. म्हणजे यंत्राचा खर्च पूर्णपणे हौशी माणसाच्या खिशातून जातो. सरकारदरबारी त्याची दखल नाही. ज्या यंत्राला दुसरा उपयोग नाही त्याच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच बोचतो.

मग नवशिक्याने काय घ्यावे? आमच्या मते पहिली पायरी विनाखरेदीची आहे. घरात आहे त्या संगणकावर बिटकॉइनचे मूळ सॉफ्टवेअर ‘रेगटेस्ट’ नावाच्या खासगी चाचणी-अवस्थेत चालवता येते. त्यात क्षणार्धात ब्लॉक काढता येतात. निघालेल्या नाण्यांना मोल नसते, पण साखळी कशी वाढते, व्यवहार कसा नोंदला जातो, हे सारे हाताने करून कळते. त्याच संगणकावर एखाद्या वाक्याचा हॅश काढावा, मग त्यातला एक अनुस्वार उडवून पुन्हा काढावा; उत्तर ओळखू येणार नाही इतके बदलते. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला यात जी गंमत वाटेल ती अन्य कोणाला क्वचितच वाटेल. अनेकांची जिज्ञासा इथेच तृप्त होते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पुढे जायचेच असेल तर पहिली खरेदी वीज मोजणाऱ्या प्लगची असावी. तो भिंतीतील सॉकेट आणि यंत्र यांच्यामध्ये लावला की यंत्र प्रत्यक्षात किती वॅट ओढते ते दिसते. जाहिरातीतील आकडे आणि भिंतीवरचे आकडे यांत वीजपुरवठ्याच्या डब्यात वाया जाणाऱ्या विजेचे अंतर असते, आणि बिल भिंतीवरच्या आकड्यांचे येते.

त्यानंतर दोनच मार्ग आम्हांस हौसेच्या व्याख्येत बसतात. पहिला, ज्याला दुसरे आयुष्य आहे असे यंत्र. मोनेरो या चलनाने नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स नावाची पद्धत स्वीकारली आहे. ती जाणीवपूर्वक अशी रचली आहे की साध्या प्रोसेसरवर ती चांगली चालावी आणि एकाच कामाच्या चिपला तिचा फायदा घेता येऊ नये. तिला प्रत्येक धाग्यामागे सुमारे दोन मेगाबाइट कॅश स्मृती आणि एकूण दोन गिगाबाइटहून थोडी अधिक रॅम लागते. म्हणून इथे यंत्र निवडताना नुसता वेग न पाहता प्रोसेसरची एल-३ कॅश पाहावी. २०१९ मधील रायझन ५ ३६०० या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये ती ३२ मेगाबाइट आहे. त्याच जातकुळीतल्या ५६००जीमध्ये १६ मेगाबाइट आहे, पण त्याच्यात चित्रदर्शनाची सोय अंगभूत असल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. असा मेजावरचा संगणक दिवसा प्रबंध लिहील, रात्री हवे तर हॅश काढील. आणि खाणकामाचा कंटाळा आला तरी प्रबंध उरतोच. लॅपटॉप मात्र या कामाला जुंपू नये. त्याची शीतनव्यवस्था अहोरात्र तापण्यासाठी बनवलेली नसते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बायनान्ससारख्या मोठ्या बाजाराने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरोची खरेदी-विक्री बंद केली. तेव्हा मिळालेले नाणे विकणे सोपे नाही. ते विकण्यासाठी नव्हे तर समजून घेण्यासाठी काढावे.

ग्राफिक्स कार्डांचा विचारही याच अंगाने करावा. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी खाणकामाची पद्धतच सोडून दिली आणि ज्या कार्डांसाठी दोन वर्षे रांगा लागल्या होत्या ती जुन्या बाजारात आली. केवळ खाणकामासाठी आज असे कार्ड घेणे आम्ही सुचवणार नाही. पण ज्याला जुन्या छापील पुस्तकांची पाने संगणकाकडून वाचून घ्यायची आहेत, ध्वनिमुद्रित मुलाखतींचे लेखन करवून घ्यायचे आहे, त्याला १२ गिगाबाइट स्मृतीचे आरटीएक्स ३०६० सारखे कार्ड कामाचे आहे. खाणकाम हा त्याचा जोडधंदा होऊ शकतो. वापरलेले कार्ड घेताना अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा, तापमान पाहावे, आणि मगच पैसे द्यावेत.

दुसरा मार्ग म्हणजे प्रामाणिक सोडत. बिटॲक्स हे खुल्या आराखड्याचे, तळहातावर मावणारे यंत्र आहे. त्यावर व्यावसायिक यंत्रातलीच एक चिप असते. त्याची गॅमा ही आवृत्ती सेकंदाला सुमारे १.२ टेराहॅश काढते आणि १८ वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे महिन्याला १३ युनिट. घराचा विजेचा टप्पा यामुळे सहसा बदलत नाही. एकट्याने ब्लॉक मिळवण्याची शक्यता किती? जगाची गती एक झेटाहॅश धरली तर सरासरी सोळा हजार वर्षांतून एकदा. या आकड्याने निराश होणाऱ्याने ते घेऊ नये. परंतु ज्याला आराखडा उघडून पाहायचा आहे, डाग देऊन एखादा भाग बदलायचा आहे, विद्यार्थ्यांसमोर चालते यंत्र ठेवायचे आहे, त्याच्यासाठी दरमहा शे-दीडशे रुपयांची ही हौस परवडणारी आहे. इथे कोणी कोणाला उत्पन्नाची आशा दाखवत नाही. आमच्या दृष्टीने हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: आज तोटा असला तरी उद्या भाव वाढला तर? भाव वाढला की जगात यंत्रेही वाढतात आणि काठिण्यपातळी त्यांच्यामागोमाग चढते, हा एक भाग. दुसरा अधिक सरळ आहे. ज्याला भाववाढीची खात्री आहे, त्याला त्याच पावणेदहा हजारांत बाजारातून त्या यंत्राच्या महिन्याभराच्या कमाईच्या साडेचारपटीहून अधिक नाणे आजच मिळते. ते विकत घ्यावे असा सल्ला आम्ही देत नाही. पण भाववाढीचा युक्तिवाद यंत्राच्या बाजूने उभा राहत नाही, हे त्यावरून कळावे. हौशी खाणकामाचे समर्थन ज्ञान आणि आनंद या दोनच गोष्टींवर होऊ शकते, आणि तसे ते झाले तर आमचा त्याला विरोध नाही.

एक प्रश्न मात्र आम्ही सर्वांत गंभीर मानतो: वीज कोणाची? वसतिगृहाच्या खोलीत किंवा महाविद्यालयाच्या संगणककक्षात वीज ‘फुकट’ असते, म्हणून तिथे यंत्र लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण ती वीज संस्थेची, पर्यायाने इतर विद्यार्थ्यांच्या शुल्काची असते. वसतिगृहाच्या जुन्या तारांवर दीड किलोवॅटचा अखंड भार टाकणे धोक्याचेही आहे. असे यंत्र सोळा अँपिअरच्या, अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटवरच चालवावे लागते. ज्याचा हिशेब दुसऱ्याच्या बिलावर जमतो त्याला हौस म्हणता येत नाही. अध्यापकांनी हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आणि शब्दाविषयीची सावधगिरीही सांगितली पाहिजे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने यंत्र न घेताच ‘क्लाउड मायनिंग’मधून दरमहा १० टक्के परतावा अठरा महिने देण्याचे आश्वासन दिले होते, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक केली. अशा योजनेला विश्वासार्हता येते ती ‘खाणकाम’ या शब्दातून. कुठेतरी कोणीतरी कष्ट करून जमिनीतून धन काढीत आहे, असे चित्र तो शब्द उभे करतो आणि माणूस आकडे विचारायचे विसरतो. रूपक काय दाखवते याबरोबर ते काय झाकते, हे आपण वर्गात कवितेच्या संदर्भात शिकवतो. ते वर्गाबाहेर वापरण्याची याहून निकडीची जागा आम्हांस दिसत नाही.

तेव्हा क्रम असा असावा: आधी घरातला संगणक, मग वीज मोजणारा प्लग, मग दुसरे आयुष्य असलेले यंत्र किंवा तळहातावरची सोडत. व्यावसायिकाचे जुने यंत्र कितीही स्वस्त मिळो, ते व्यावसायिकानेच टाकून दिले आहे, आणि ते त्याच्या स्वस्त विजेवरही परवडेना म्हणून टाकले आहे. आमचे आकडे ज्यांना पटत नाहीत त्यांनी मागच्या महिन्याचे वीजबिल समोर घ्यावे, त्यातला शेवटच्या टप्प्याचा दर पाहावा आणि यंत्राच्या वॅटना ०.७२ ने गुणून महिन्याची युनिटे काढावीत. कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत होणारे हे काम आहे. ते करावे, आणि मगच खरेदीला निघावे.